अकरा काड्या आणि एक दिवा

आधीच सांगून टाकतो, मी शकुन-अपशकुन मानणारा माणूस नाही. माझी गाडी मी अमावास्येला घेतली आहे आणि ती अजून मस्त पळतेय. शिवाय माझं पोटच याच्या उलट कामावर चालतं — शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन यार्डात मी सेफ्टी ऑफिसर आहे. अपघात झाला की तो कशामुळे झाला हे शोधून फॉर्ममध्ये लिहायचं. एकदा एका फोरमनने कारणाच्या रकान्यात ‘गॉड्स विल’ लिहिलं होतं. ते मी लाल पेनाने खोडलं आणि त्याला तासभर लेक्चर दिलं. अशा माणसाच्या घरात हे झालं आहे. माझी आई आणि मुलगी आज धडधाकट आहेत, म्हणून हे लिहायला बसू शकलो. नाहीतर...

असो. पहिल्यापासून सांगतो.

आम्ही दुबईत, करामा भागात राहतो, जुन्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. हॉल, बेडरूम, किचन आणि किचनला लागून एक स्टोअररूम, खिडकी नसलेली. त्या स्टोअररूममध्ये मी चार वर्षं बिअर बनवत होतो. लायसन्स असेल तर इथे बिअर विकत आणता येते, पण घरी बनवणं कायद्यात बसत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. माझ्या बायकोला, केतकीलाही माहीत होतं. तिचं म्हणणं एवढंच — “पकडला गेलास तर मी तुला ओळखत नाही.”

गेल्या ऑक्टोबरात आई दोन महिन्यांसाठी चिपळूणहून आली. आल्या आल्या तिने पहिलं काम काय केलं, तर देव हलवले. आमचे देव हॉलमध्ये शू-रॅकच्या वरच्या फळीवर होते. “देवांना चपलांचा शेजार देता रे?” म्हणत तिने सगळे देव उचलले आणि शांत जागा म्हणून नेमके स्टोअररूममध्ये नेऊन मांडले. म्हणजे एका भिंतीला देव, समोरच्या भिंतीला जुन्या चादरीखाली झाकलेली माझी बिअरची बादली, आणि मध्ये बासमतीचं पोतं. माझी झोप उडाली. पण करणार काय? आईला म्हणणार काय?

त्यात मी शहाणपणा केला. ती येऊन दोन आठवडे झाले होते. शनिवार होता. आई, केतकी आणि आमची आठ वर्षांची इरा अशा तिघी मीना बाजारला गेल्या, साडेपाचपर्यंत येतो म्हणाल्या. माल्टचा, म्हणजे सातूच्या अर्काचा, डबा कपाटात कधीचा पडून होता. म्हटलं, उरकून टाकू.

माल्ट उकळून जे गोड पाणी होतं त्याला वर्ट म्हणतात. उकळल्यामुळे त्यातली हवा निघून जाते. यीस्टला तर सुरुवातीला ऑक्सिजन लागतो, नाहीतर ते मरगळतं आणि बिअर गोडमिट्ट राहते. म्हणून वर्ट थंड झाला की यीस्ट घालायच्या आधी तो चांगला खळाळून घ्यायचा. इतकी वर्षं मी ती बादली मांडीत धरून ताक घुसळावं तशी घुसळत होतो. त्या वर्षी कंबरेने हात टेकले. मग यार्डातून गॅस कटिंगवाल्यांची ऑक्सिजनची छोटी बाटली, म्हणजे सिलिंडर, आणली. गाडीच्या बंद डिकीत घालून! यार्डातल्या दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढला असता.

वर्ट थंड केला, बादली स्टोअररूममध्ये नेली, नळी आत सोडली. बारीक बुडबुडे येत होते. मिनिटभराचं काम. आणि बेल वाजली. चार वाजले होते. इराचे पाय दुखायला लागले म्हणून तिघी लवकर परतल्या होत्या.

मी नळी बाहेर ओढली, बाटलीसकट चादरीखाली कोंबली, रेग्युलेटरची दांडी उजवीकडे पिळली, दार ओढून घेतलं आणि धावलो.

“सातू शिजवलास का रे?” आई दारातच म्हणाली. “वास छान सुटलाय.”

“हो... प्रोटीन ड्रिंक आहे. डॉक्टरने सांगितलंय.”

केतकीने माझ्याकडे असं बघितलं की बस.

त्यानंतरचे दोन तास मी सोफ्यावर काढले. सारखं कुणीतरी किचनमध्ये, त्यामुळे स्टोअररूममध्ये जाता येईना. यीस्टचं पाकीट शर्टाच्या खिशात तसंच, न फोडलेलं. आईने चुकून चादर उचलली तर? वॉचमनला वास गेला असेल तर? नोकरी, व्हिसा, इराची शाळा... घाबरायचं कशाला हवं होतं आणि मी घाबरत होतो कशाला!

सहाच्या सुमारास आई दिवा लावायला उठली. “मी पण,” म्हणत इरा तिच्यामागे गेली. एसीच्या वाऱ्याने ज्योत हलते म्हणून आई दार लावून घ्यायची. आणि माल्टचा वास बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या खालच्या फटीला मी रबरी पट्टी मारून ठेवली होती. दोघांची दोन कारणं, पण खोली डब्यासारखी बंद.

काडी ओढल्याचा आवाज आला. परत आला. मग परत.

“इरा, फुंकर मारू नकोस गं.”

“आय ॲम नॉट, आजी! आय ॲम स्टँडिंग हिअर ओन्ली!”

आणखी सहा-सात काड्या. मग आईची हाक, “अरे नितीन, काड्या सादळल्या वाटतं. तुझा तो गॅसचा लायटर आण बघू.”

मी ओट्यावरचा लायटर उचलला आणि स्टोअररूमचं दार उघडलं. आई प्रवासातली जॉर्जेटची साडी नेसून देवांसमोर बसलेली, हातात काडेपेटी. फरशीवर काड्यांचा सडा. इरा कोपऱ्यात दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी, फुंकर मारत नाही हे दाखवायला. मला हसूच आलं. लायटर चालू करायला अंगठा बटणावर ठेवला.

“थांब, तूच बघ हं,” म्हणून आईने काडी ओढली.

आणि त्याच क्षणी मला तो आवाज ऐकू आला. चादरीखालून. सूंऽऽ...

आईला एका कानाने कमी ऐकू येतं. इराला तो एसीचा आवाज वाटला होता. मला मात्र तो झोपेतही ओळखता येईल. बाटलीची चावी उजवीकडे पिळली की बंद होते, पण रेग्युलेटरची दांडी उजवीकडे पिळली की उघडते. प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हे सांगतो. दोनदा सांगतो. आणि घाईत मी स्वतः ती नळ बंद करावा तशी पिळून आलो होतो. दोन तास त्या खोलीत ऑक्सिजन भरत होता. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण बाकी सगळं पेटवतो. कपड्यांत मुरतो, केसांत मुरतो, आणि एक ठिणगी पडली तर माणूस उभाच्या उभा पेटतो. यार्डात मी याचे फोटो दाखवतो.

काडी पेटली होती. आईच्या बोटांत, पदरापासून वीतभर लांब. मला ओरडता आलं नाही. ती ज्योत पांढरी फटक होऊन आईच्या हातावर चढायला हवी होती.

ती बारीक झाली. एका बाजूला वाकली. आणि विझली... कुणीतरी अगदी जवळून, सावकाश फुंकर मारावी तशी.

आत वारा नव्हता. इरा चार फुटांवर होती. माझा श्वास तर बंदच पडला होता.

मग मी दोघींना दंडाला धरून अक्षरशः ओढत बाहेर काढलं. त्या झटापटीत निरांजन कलंडलं, तेल सांडलं. “शॉर्ट सर्किट होतंय, बाहेर व्हा,” एवढंच तोंडातून निघालं. केतकीबरोबर सगळ्यांना खाली पाठवलं. कपडे मोकळ्या हवेत झटका, अर्धा तास आगीजवळ जाऊ नका, असं बजावलं. खिडक्या उघडल्या, बाटलीची चावी बंद केली. बॅगेत यार्डातलं गॅस मीटर होतं, ते लावून बघितलं. साध्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्क्यांच्या आसपास दाखवतो. इथे, दार उघडून पाच मिनिटं झाल्यावरही, आकडाच नव्हता. स्क्रीनवर ‘ओव्हर’ आणि कर्कश अलार्म. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो आणि रडलो. लाज कसली.

सगळी हवा बदलल्यावर फरशीवरच्या काड्या गोळा केल्या. अकरा होत्या. डोकी काळी, लाकूड कोरं करकरीत. पेटीत उरलेल्या काड्या बाहेर जिन्यात नेऊन ओढल्या. एकूण एक काडी पहिल्याच झटक्यात पेटली. म्हणजे काड्या सादळलेल्या नव्हत्या.

हे वाचणारे हुशार लोक म्हणतील, बिअर बनताना कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याने विझल्या असतील. पण तो यीस्ट घातल्यावर निघतो, तोही काही तासांनी. यीस्ट माझ्या खिशात होतं. आमच्या यार्डाला गॅस पुरवणारा एक पठाण आहे, आयुष्य बाटल्यांत गेलेला. त्याला मी उगाच विचारल्यासारखं विचारलं. तो हसला. “ऑक्सिजन में माचिस बुझता नहीं, हबीबी. तुम्हारा हाथ ले के जाता है.”

वर्ट त्याच संध्याकाळी मोरीत ओतला. बाटली सोमवारी यार्डात परत गेली. पण खरा त्रास पुढेच होता.

आईने हाय खाल्ली. तिला एवढंच दिसलं होतं, की देवांनी तिचा दिवा घेतला नाही, अकरा वेळा घेतला नाही, आणि वर निरांजन उपडं झालं. बाबांना छातीचा त्रास, त्यांना एकटं टाकून आपण दुबई बघायला आलो, त्याचं हे फळ, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. दिवसातून तीनदा चिपळूणला फोन, “श्वास नीट लागतोय ना?” एक वेळचं जेवण सोडलं. रात्री उठून देवांपुढे हात जोडून बसायची. तिकीट बदल म्हणून माझ्यामागे लागली. आणि मी, तिचा शहाणा मुलगा, खरं सांगायला घाबरत होतो. देवांच्या पुढ्यात दारू गाळत होतो हे आईला कुठल्या तोंडाने सांगणार? केतकी रोज विचारायची, “सांगितलंस?” मी म्हणायचो, उद्या.

असा दीड महिना काढला मी. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आईची बॅग भरताना दिसलं, तिच्या ब्लाउजच्या बाह्या केवढ्या सैल झाल्या होत्या. तिथेच पलंगावर बसून सगळं सांगितलं. बादली, बाटली, दांडी, सगळं. तिला वाटेल तसं बोलू दे म्हणून मान खाली घालून बसलो.

तिने हातातली साडी बॅगेवर ठेवली. मग म्हणाली, “म्हणजे पेटली असती तर... इरा पण होती रे आत.”

“हो.”

“आणि मी मेली दीड महिना देवांची माफी मागतेय,” ती म्हणाली. “आभार मानायचे राहूनच गेले की.”

मला एका शब्दानेही न रागावता ती उठली आणि स्टोअररूममध्ये गेली. दार उघडंच ठेवलं. त्या रात्री ती दोन्ही वेळचं एकदम जेवली.

कुणी फुंकर मारली, मला माहीत नाही. देव, बाबांची पुण्याई, का विज्ञानातलं काहीतरी जे मला आणि त्या पठाणाला ठाऊक नाही. घरी बसून मी एकदा आमचा अपघाताचा फॉर्म भरायला घेतला होता. सगळा भरला, कारणाचा रकाना तेवढा कोरा आहे.

आई गेल्यापासून संध्याकाळचा दिवा मी लावतो. केतकी हसते, हसू दे. दार सताड उघडं ठेवतो, काडी ओढतो आणि दिव्याजवळ नेण्याआधी जरा थांबतो. विझली तर इराला उचलून घराबाहेर पळायचं, एवढं ठरवून ठेवलंय. अजून तरी रोज पेटते.