देवाची सहाण

खोटं कशाला सांगू, देवघरातल्या दत्तावर माझा राग होता. आम्ही निजामाच्या शहरात, गौलीगुड्यात राहत होतो. हे सरकारी दफ्तरात कारकून, पण दफ्तर सुटलं की पाय थेट सेंदीखान्याकडे, शिंदीची ताडी ढोसायला. तो आंबूस वास अंगणात शिरला की समजायचं, आले महाराज! दर गुरुवारी गंध उगाळताना मी म्हणायची, "यांची नशा सोडव रे बाबा." वर्षं गेली. देव ढिम्म.

निजामाचं राज्य जायच्या बेतात होतं. रोज नवी अफवा. गल्लीत गलका झाला की कडी लावून श्वास धरून बसायचं. आमचं बाळ आठ महिन्यांचं, आणि गळा असा की चौकापर्यंत ऐकू जावा. सासूबाई म्हणायच्या, "दे गं चिमूटभर, शांत पडेल." म्हणजे अफू. बाळगुटीत उगाळून चाटवायची, घरोघर तीच रीत. तिला नशा कुणी म्हणत नसे. यांच्या नावाने बोटं मोडणारी मीसुद्धा नाही.

त्या दुपारी बाहेर आरडाओरडा सुरू झाला. गुटीची सहाण सापडेना म्हणून मी देवाचीच ओढली, आणि घाबरून जास्त उगाळलं. बाळ गप्प झालं. मला बरं वाटलं! ते आठवलं की आजही स्वतःची किळस येते.

मग दारावर थाप. एक अनोळखी चूडीवाली, बुरख्यातली, डोक्यावर बांगड्यांची टोपली, गलक्यात अडकलेली. "बाई, अंदर लेलो, पानी पिलाओ." सासूबाईंनी मानेनेच नको म्हटलं. मीही नकोच म्हणणार होते. हात कडीकडे कसा गेला, देव जाणे.

पाणी प्यायच्या आधी तिची नजर पाळण्यात गेली. "बच्चेकू अफीम दिये क्या?" त्याचे ओठ निळे पडले होते. मला, त्याच्या आईला, दिसलेच नव्हते. तिने त्याला उचललं, तोंडावर पाणी मारलं, तळपायांवर टिचक्या मारू लागली. पोर क्षीण रडलं. सासूबाई कळवळल्या, "अगं, बाहेर ऐकू जाईल!" ती कडाडली, "रोने दो! रोरा तो जीरा!" रडतंय म्हणजे जगतंय. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघींनी त्याला झोपू दिलं नाही.

हे आले ते झुलतच. मी 'दारुडे' म्हणायला तोंड उघडलं, आणि माझी नजर त्या सहाणेवर गेली.

ती गेली. नाव विचारायचंही राहिलं. पुढे धामधूम निवल्यावर बेगम बाजार पालथा घातला. बांगडीवाले म्हणाले, तिकडची किती घरं रिकामी झाली, कुणाला कुठे शोधणार?

यांची सेंदी सुटली नाही. तिनेच त्यांना नेलं. मुलगा जगला, त्याला मी हे कधी सांगू शकले नाही. सहाण तीच आहे. तिच्यावर गंध उगाळताना हात जोडते, उपकार मानते, पण दुसऱ्याचं काही सोडव म्हणून सांगत नाही. एवढंच म्हणते, "दार वाजलं की माझा हात कडीकडे जाऊ दे."