खंडेनवमीची हार्ड डिस्क

बजाजनगरात रामेश्वरइतका भित्रा व्हिडिओ एडिटर दुसरा नाही. या धंद्यात ही एक लायकीच म्हणायची. हार्ड डिस्क काढण्याआधी तो इजेक्ट दाबतो, 'आता सुरक्षितपणे काढू शकता' असं पडद्यावर येतं, त्यावर विश्वास न ठेवता मनात वीसपर्यंत मोजतो आणि मग झोपलेल्या बाळाखालचं दुपटं काढावं तशी वायर ओढतो. वाळूजला प्रेस मशीनवर होता तेव्हाही हात मागं घेतले की नाही हे तो दोनदा बघायचा. त्यामुळं उत्पादन घटतं, असं त्याच्या सुपरवायझरचं म्हणणं होतं. रामेश्वरची दहाही बोटं अजून शाबूत आहेत. सुपरवायझरची नऊ आहेत.

अशा माणसाच्या हातून चूक झाली ती नीटनेटकेपणाच्या नादात. मे महिन्यात पैठणकडच्या एका वस्तीवर त्यानं केरबा मेंढपाळाच्या मुलीचं लग्न शूट केलं होतं. नियमाप्रमाणं एक प्रत काळ्या डिस्कवर ठेवली, एक निळ्या डिस्कवर. लग्नाचा व्हिडिओ बारशाच्या आत हातात पडला तर तो लवकर मिळाला, असं सगळेच धरून चालतात. तेव्हा घाई कुणालाच नव्हती. श्रावणात केरबा झोपेतच गेला. हालताबोलता केरबा आता तेवढ्या चित्रीकरणात उरला होता. घरी आधार कार्ड होतं, पण त्यावरच्या फोटोवरून त्याला त्याच्या कुत्र्यानंही ओळखलं नसतं. आणि गेल्या आठवड्यात निळी डिस्क भरली म्हणून रामेश्वरनं तिच्यावरचं ते लग्न पुसून टाकलं. काळीवर आहेच की, असं म्हणून.

खंडेनवमीला दुपारी केरबाची बायको वच्छलाबाई येणार होती. दसऱ्याला लेक माहेरी येतेय, तिला बाप दाखवायचाय, जेवढं झालं असेल तेवढं पेन ड्राइव्हवर द्या, असा तिचा निरोप होता.

सकाळी रामेश्वर आंघोळीला गेला आणि त्याच्या आईनं, गोजरबाईनं, हत्यारं पुजायला घेतली. पाटावर विळा, कुऱ्हाड आणि लोकर कातरायची जुनी कातर. घरात मेंढरू उरलं नव्हतं, कातर होती. तिच्याशेजारी गोजरबाईनं लेकाची हत्यारं मांडली: कॅमेरा, लॅपटॉप, काळी डिस्क. सगळ्यांवरून ओला हात फिरवला, मग हळदकुंकू. डिस्क गुळगुळीत, तिच्यावर कुंकू ठरेना. तेवढ्यात कडेला एक खाच दिसली. तिथं ते छान बसलं.

रामेश्वरनं त्याच खाचेत वायर लावली तेव्हा डिस्कचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. मग पडद्यावर विचारणा आली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? म्हणजे सगळं पुसायचं का. 'हो' आणि 'नाही' शेजारी शेजारी, एकाच मापाचे. रामेश्वरनं माउसवरचा हात उचलून मांडीखाली दाबला.

"आई, ह्याच्यात काय घातलं?"

"घालीन कशाला? पुजलं."

"कुठं?"

"तोंडाशी. आन पुजलेल्या हत्याराला आज हात लावत नसत्यात. तूच लावला. मग ते चालन कसं?"

"वच्छलामावशी येऊ लागल्यात, आई."

"येऊ दे. च्या ठेवते."

त्यानं कॅमेरा जोडून बघितला. पण त्यातल्या कार्डावर लग्नानंतर चार समारंभ येऊन गेले होते. पडद्यावर सिडकोतल्या एका मुलीचा पहिला वाढदिवस उघडला. केक बघून ती भोकाड पसरून रडत होती. रामेश्वरला तिचं पटलं.

मग पैठण गेटजवळ बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढून देणारा एक जण आहे, त्याला फोन केला. "भाई, दुकान बंद आहे. मीपण सगळं पुजून ठेवलंय," तो म्हणाला. "परवा ये. आणि सारखं लावून बघू नको. असं चालू-बंद झालं ना, तर आतला माल कायमचा गेला समज."

परवा म्हणजे दसऱ्यानंतर. रामेश्वरनं कोऱ्या ब्रशनं खाच साफ केली. ब्रश आधी लाल झाला, मग पिवळा. पंख्याखाली दोन तास डिस्क सुकवली. वायर पुन्हा लावली, तेव्हा ती डावीकडं दाबून जराशी वर उचलून धरली तरच डिस्क दिसायची, हे कळलं. फोल्डर दिसला. एकशे चाळीस जीबी. लॅपटॉपवर कॉपीला लावलं: एक तास पन्नास मिनिटं बाकी.

नऊ टक्क्यांवर त्याचा हात थरथरला आणि संबंध तुटला. पुन्हा तीच विचारणा, तेच दोन पर्याय. वायर परत जुळवली तेव्हा हळदीच्या दिवशीच्या चार फायली शून्य केबीच्या, म्हणजे रिकाम्या दिसत होत्या. चिकटपट्टी लावून बघितली, तिनं धरेना. आईच्या हातात कपही बशीवर वाजतो, तिला सांगण्यात अर्थ नव्हता. आता केरबाला धोका कुंकवाचा नव्हता, रामेश्वरच्या हाताचा होता. आणि हे कळल्यावर तो हात आणखीच कापायला लागला.

वच्छलाबाई दारात आली तेव्हा तो टेबलापाशी गुडघ्यावर बसलेला होता. 'थोडं काम बाकी आहे, दिवाळीत या' हे वाक्य त्यानं तयार ठेवलं होतं. या धंद्यात ते कुणीही कुणालाही सांगतं आणि कुणाला संशय येत नाही.

"कामून असा बसलास रे?" तिनं विचारलं. "मालक ह्याच्यात हायेत का?"

वाक्य काही तोंडातून निघेना. "मावशी, असतील," तो म्हणाला. "नसतीलपण." आणि मग निळ्या डिस्कसकट सगळं सांगितलं. फक्त आईचं नाव घेतलं नाही. ते गोजरबाईनं स्वतःच घेतलं.

वच्छलाबाईनं वायर धरलेल्या त्याच्या हाताकडं बघितलं. मग म्हणाली, "हात लई कापू लागलाय तुझा."

"भीती वाटू लागलीय."

"मला काय कमी वाटू लागली का? सरक. कसं धरायचं ते दाव."

ती टेबलाशी बसली आणि दोन बोटांत वायर धरली. अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून कोकरू वळवणारी ती बाई. गळ्याची शीर उडत होती, पण मनगटापासून पुढं काहीही हलत नव्हतं. रामेश्वरनं कॉपी पुन्हा लावली आणि तो टक्के वाचून सांगत राहिला. चहावर साय आली. एकसष्टवर गल्लीत कुणीतरी नवीन गाडीसमोर नारळ फोडला आणि तिघांनीही श्वास रोखला. सत्त्याण्णववर आकडा इतका वेळ थांबला की रामेश्वरनं डोळे मिटून घेतले. वाचता येत नसतानाही गोजरबाईनं आकड्याकडं बघितलं आणि सांगितलं, "बदलला."

झालं. रामेश्वरनं लॅपटॉपवर आलेली प्रत उघडली. मंडपात फेटा बांधलेला केरबा कॅमेऱ्याकडं बघून हात हलवत रामेश्वरला म्हणत होता, "बाजूला व्हय की बाबा, पाव्हण्यांना दिसंना."

"हळदीतलं थोडं गेलंय, मावशी," रामेश्वर म्हणाला.

"हळदीला मालक कुठं होते? टँकर आणायला गेलते." तिची नजर पडद्यावरून हलली नाही. "सोडू का आता?"

"नको. आधी निळ्या डिस्कवर घेतो."

त्यासाठी काळ्या डिस्कची वायर धरायची काहीच गरज नव्हती. हे त्यानं तिला सांगितलं नाही, कारण त्याची स्वतःचीच खात्री नव्हती. आणि वच्छलाबाईनंही पुन्हा विचारलं नाही.