साहेबांना दाखवायचं भोक

उधाणाची मला अजून धडकी भरते. अमावास्या जवळ आली की रात्री उठून भरतीचं पाणी बघून येते. कुणाला सांगत नाही, कारण त्या वर्षी शहाणपणा मीच केला होता.

आमचं भाताचं शेत आणि खाडी, मधे एक मातीचा बांध, बस्स. पूर्वी खेकड्यांनी बिळं पाडली की घरटी एक माणूस चिखल घेऊन जायचा. पुढे बांध सरकारी झाला आणि सगळे हात बांधून बसायला लागले. त्या श्रावणात टोपलीएवढं भोक पडलं. दुरुस्तीचा निधी मंजूर होता, फक्त साहेबांची पाहणी राहिली होती. ग्रामसभेत मी ठणकावलं, "कुणी हात लावायचा नाही. बुजवलंत तर साहेब म्हणतील दुरुस्ती झालीय, आणि निधी जाईल परत." बारावी झालेली सून मी एकटीच, सगळ्यांनी माना डोलावल्या. सासरे तेवढे म्हणाले, "बाय, पानी सायबाची वाट बघतंय व्हय?" मी त्यांना गप्प केलं.

साहेब काही आले नाहीत. अमावास्येला भर दुपारी भरती चढली. भोकातून पाणी आधी झिरपलं, मग धो धो यायला लागलं. सासरे सत्तरीचे, पण खाडीच्या बाजूनं उतरले आणि भोकाला पाठ लावून उभे राहिले. मी आणि नवरा वरून चिखलाच्या गोणी सोडत होतो. पाणी त्यांच्या छातीला लागलं, मग गळ्याला. चिखलानं बुळबुळीत झालेली गोण माझ्या हातातून निसटली आणि त्यांच्या खांद्यावर आदळली. त्यांचं डोकं पाण्याखाली गेलं. मी मारलं यांना, एवढंच डोक्यात होतं. नवऱ्यानं काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. तेवढ्यात बांध फुटला, मोठी खांड पडली आणि खारं पाणी भातावर पसरलं.

चौथ्या दिवशी साहेब आले. खांडीचे फोटो काढले, पिवळ्या पडलेल्या भाताचेही काढले.

"बरं झालं हात लावला नाहीत," ते म्हणाले. "आता निधी पक्का झाला. अक्कल कुणाची ही?"

सासऱ्यांना अजून खोकला होता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"आमच्या सुनेची," ते म्हणाले, आणि अगदी कौतुकानं म्हणाले. मीठ मुरलेल्या त्या जमिनीत पुढचे दोन-तीन पावसाळे भात होणार नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.