पुढच्या दारानं मी, मागच्या दारानं सर

बियाणं कंपनीनं मला आणि आमच्या सरांना तीन दिवसांच्या आढाव्यासाठी हैदराबादला पाठवलं, तेव्हा नवीन जालन्याच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती. तिसऱ्या दिवशी मी उभी राहून काय बोलते, त्यावर एका गावाचं काम ठरणार होतं.

अंबडकडच्या त्या गावातल्या बायका शेडनेटमध्ये मिरचीचं क्रॉसिंग करतात. नराच्या फुलातला पराग मादीच्या फुलाला लावायचा, एकेका फुलाला, मान भरून येईपर्यंत. त्यांच्या हातचं बियाणं तपासणीत भेसळीचं निघालं. बायकांनी हयगय केली असा ठपका तयार होता. तो बसला की पुढच्या हंगामापासून ते गाव बंद.

पण नराच्या ओळीतच वेगळ्या जातीची झाडं उगवली होती. फुलोऱ्यात मी ती डोळ्यांनी पाहिली आणि त्याच दिवशी सरांना सांगितलं. ते बियाणं सरांच्याच स्टोअरमधून गेलेलं. थोडंबहुत चालतं, असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

आता तेच सर माझ्यासोबत होते. फूल कसं धरायचं इथपासून सगळं काम मला त्यांनी शिकवलंय. घरी उर्दू बोलतात, आमच्याशी मराठी. मला बेटा म्हणतात आणि चिडले की मॅडम.

माझे वडील स्टीलच्या कारखान्यात कामगार. संघटनेची पत्रकं आमच्या घरी घडी घालायला यायची आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. ‘जाहीर निषेध’ मला शाळेच्या पुस्तकातल्या कमळाआधी वाचता यायला लागलं. कोणाच्या बाजूनं उभं राहायचं हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता.

पहिल्या संध्याकाळी गेस्ट हाऊससमोर कंपनीची गाडी उभी होती. शहर दाखवायला. ज्यांच्यासमोर परवा बोलायचं त्यांच्या गाडीत मला बसायचं नव्हतं. मी मेट्रोनं जाते म्हणाले आणि निघाले. सर मागोमाग आले. तुझ्या वडलांचा फोन आल्ता, एकटी सोडू नका म्हणाले, असं त्यांचं म्हणणं. वडील असं बोलणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं.

मेट्रोत बायकांचा भाग वेगळा. मी आत जाऊन बसले. सर हद्दीपाशी दांडा धरून उभे राहिले, दर स्टेशनाला माझ्याकडे बघत. मी मनाला येईल तिथं उतरायचे, जिने चढून दुसरी लाईन पकडायचे, आणि ते येऊन पुन्हा तसेच उभे राहायचे. खाली शहर सरकत होतं, घुमट, काचेच्या इमारती, पुलाखाली अडकलेली वाहनं. भिंती तेलुगू पोस्टरांनी भरलेल्या, आणि त्यातलं एकही अक्षर मला लागत नव्हतं. भिंतीवरचा कागद वाचल्याशिवाय मी जालन्यात पुढं जात नाही. इथं माझ्या नावानं कोणी काही लिहिलं असतं तरी कळलं नसतं.

दुसऱ्या संध्याकाळी मी सिटी बस पकडली. पुढच्या दारानं बायका, मागच्या दारानं पुरुष. मी पुढून चढले, सर मागून. माझी हिंदी ऐकून कंडक्टरीण मला तिथलीच समजली. तिथल्या बायकांना बसचा प्रवास फुकट असतो. मी महाराष्ट्रातली आहे असं सांगून तिकीट मागितलं, तर शेजारची बुरखेवाली बाई हसली. म्हणाली, “चुप बैठती तो क्या जाता था? बड़ी आई सच्ची.”

तेवढ्यात फोन वाजला. सर.

“बेटा, आवाज येतो का?”

“सर, तुम्ही याच बसमध्ये आहात.”

“पुढं कसा येऊ? बायका मारतील मला.”

मी वळून पाहिलं. माणसांच्या डोक्यांमधून त्यांची फक्त टोपी दिसत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तो मला दोनदा ऐकू आला, एकदा समोरून आणि एकदा फोनमधून. मग सर कामाचं बोलले. उद्या एवढंच म्हण, भेसळीचं कारण तपासून राह्यलो. त्यात खोटं काहीच न्हाई. मी म्हणाले, तपासेपर्यंत हंगाम जाईल आणि गावही जाईल.

“तुझ्या वडलांच्या पत्रकात मालक असतो, कामगार असतो,” ते म्हणाले. “माझ्यासारखा बीचवाला कुठं असतो, सांग मला.”

बस एका चौकात थांबली होती आणि बाहेर कोणीतरी एकसारखं घंटी वाजवत होतं. शेजारीण माझ्या तोंडाकडे बघत होती. पीछे अब्बा हैं क्या, तिनं विचारलं. सर हैं, मी म्हणाले. तो रख दे फोन, ती म्हणाली.

मी ठेवला नाही.

“सर, उद्या माझ्याआधी तुमची पाळी आहे. तुम्ही सांगितलं तर ती चूक राहील. मी सांगितलं तर लपवाछपवी ठरेल.”

“ठीक है, मॅडम,” ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

मी पुढच्या थांब्यावर उतरले. मागच्या दारातून चारपाच पुरुष उतरले, त्यांत सर नव्हते. बस गेली. त्यांचा फोन लागेना. थांब्याचं नाव मला वाचता येत नव्हतं, तरी मी तिथंच उभी राहिले, येणारी प्रत्येक बस बघत. मला रस्त्याची भीती नव्हती. त्या माणसानं जिवाचं काही बरंवाईट तर केलं नसेल ना, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. शेवटी विचारत विचारत मेट्रो गाठली. गेस्ट हाऊसवर त्यांची खोली बंदच.

सकाळी ते मीटिंगच्या टेबलाशी बसलेले होते, कालच्याच शर्टात. रात्री इथल्या बहिणीकडे गेल्तो, एवढंच बोलले, तेही माझ्याकडे न बघता.

त्यांची पाळी आली. नराच्या बियाण्यात मिक्सिंग असू शकतं, असं ते म्हणाले. असू शकतं म्हणजे काय, मोठ्या साहेबांनी विचारलं. सर पाणी प्यायले आणि तपासून राह्यलो म्हणत खाली बसले.

मग मी उठले. कोणत्या शेडनेटमध्ये काय पाहिलं ते सांगितलं. बायकांनी त्यांना मिळालेल्या फुलांचाच पराग लावला, आणि ती फुलं देणारं बियाणं आम्ही दिलं होतं, हेही सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. फुलोऱ्यात पाहिलंत, तर त्याच वेळी कोणाला का नाही सांगितलं?

सगळे माझ्याकडे बघत होते. सरांचं नाव जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं.

“मला,” सर बसल्या जागेवरून म्हणाले. “मला सांगितलं होतं तिनं. बराबर त्याच दिवशी.”

गाव बंद झालं नाही. स्टोअरच्या किल्ल्या जालन्याला पोचल्याबरोबर दुसऱ्याकडे द्या, असं सरांना तिथंच सांगितलं गेलं. परतीच्या गाडीत ते वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून झोपले.

पहाटे स्टेशनाबाहेर वडील मोटरसायकल घेऊन उभे होते. काय झालं, त्यांनी लांबूनच विचारलं. सर शेजारीच रिक्षात बॅग ठेवत होते.

“जिंकलो,” मी हळूच म्हणाले.

“मोठ्यानं बोल की,” वडील म्हणाले. “गाडी सुरू आहे, ऐकू येईना.”