घागर मीच भरणार

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सकाळ. घर शनवारा मोहल्ल्यातलं. हजर: मोठ्या जाऊबाई, धाकटी जाऊ, माहेरी आलेली नणंद, मी. गैरहजर: माझा नवरा. आखाजीला गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. यंदा त्याची होती. माझा आजार कळल्यानंतरचा पहिला सण.

पालथं खापर चुलीवर तापलं होतं. मांडे दरवर्षी मीच करते. पुरणाची पोळी हातांवर फिरवून मोठी करायची नि खापरावर टाकायची. मी कणकेचा उंडा घेणार, तोच जाऊबाईंनी परात ओढली.

"तू राहू दे. पोरंबाळं खाणारेत. घागरीलाही हात लावू नको."

धाकटीने खाली बघितलं. नणंद खोकली.

नवरा नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झाला आणि वाळत गेला. ताप, जुलाब, तोंडात पांढरे चट्टे. डॉक्टर म्हणायचे, वय झालं. टॉनिक द्यायचे. तो गेला. मग माझ्या कमरेवर नागीण उठली. नवऱ्याची लक्षणं आठवून मीच म्हणाले, एचआयव्हीची तपासणी करा. डॉक्टर लोकांदेखत हसले.

"माताजी, इस उमर में? कहाँ से सूझा आपको?"

मान खाली घालून घरी आले. महिने वाया गेले. शेवटी सरकारी दवाखान्यात एचआयव्हीचंच निदान झालं. तिथल्या बाईंनी सांगितलं: वयाबरोबर रोगाशी लढणारे शरीराचे पहारेकरी थकतात, नवे कमी तयार होतात. म्हणून उतारवयात हा आजार झपाट्याने पुढे जातो. गोळ्यांना उशीर नको.

ते हसणं अजून कानात आहे. त्याच्यामागे नवऱ्याचं कण्हणं.

आखाजीला मी मान खाली घातली नाही.

"ताई, हातचं खाऊन हा आजार होत नाही. तरी मांडे तुम्ही करा. घागर माझ्या नवऱ्याची आहे. मीच भरणार."

भरली. पाण्यात चेहरा माझा होता, बसलेली गालफडं त्याची. वर खरबूज ठेवलं.

नणंद हात लावायला वाकली, पदर सरकला. पाठीवर नागिणीचे डाग. ती विधवा, माझ्याहून मोठी, वर्षभरात निम्मी झालेली.

"वन्सं, रक्त तपासून घेतलंत?"

"या वयात मला कशाला, वहिनी? लोक काय म्हणतील?"

जाऊबाई म्हणाल्या, "वय झालंय तिचं. अशक्तपणा, दुसरं काय."

तेच वाक्य. त्याने या घरातला एक माणूस नेला. दुसरा मी नेऊ देणार नाही. वन्सं रुसोत, रडोत, मी त्यांना घेऊन जाणार.

सणाची कामं सगळी उरकली. वन्संची तपासणी राहिली आहे.