दामूचा नायलॉनचा दोर

दामू गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं. दुपारी जेवून बाजेवर आडवा झाला, तो उठलाच नाही... रडू आलं, पण हळहळ वाटली नाही. भरल्या पोटी, आपल्या घरात गेला.

रेवसजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघांनी तरुणपणापासून एकच होडी चालवली. आमच्या बापांची जाळी सुताची होती. रोज धुवा, सुकवा, तरी कुजायची. नायलॉनची आली आणि दामूला गप्पा मारायला वेळच वेळ मिळाला. नांगराच्या दोरावरून मात्र आमचं वाजलं. पाण्यावर तरंगणारा, हलका प्लॅस्टिकचा दोर घेऊ, असं माझं म्हणणं. त्याला नायलॉनचाच हवा होता. तो बुडतो आणि ओढला की ताणला जातो, म्हणून. शेवटी नायलॉनचाच आणला.

एका सकाळी इंजिन बंद पडलं आणि वारा होडीला खडकांकडे ढकलू लागला. आम्ही नांगर टाकला. लाटेसरशी दोर ताणला जाऊन बारीक व्हायचा, पुन्हा आखडायचा. झटका सगळा आपल्या अंगावर घ्यायचा. पण होडीच्या कडेला तो घासत होता. दामूनं अंगातला सदरा काढला, भिजवून तिथं गुंडाळला आणि त्यावर पाणी ओतत बसला. मी इंजिनाशी झटत होतो. खडकाला चिकटलेल्या कालवांचे शिंपलेसुद्धा दिसत होते, इतका खडक जवळ होता.

"दामू, टिकंल काय रं?"

"दोर टिकंल. तू इंजिनाकडं बघ."

इतक्या साध्या आवाजात बोलला, की मी पुन्हा इंजिनात डोकं घातलं. डिझेलच्या नळीतला कचरा निघाला, इंजिन चालू झालं... घरी गेल्यावर त्यानं बायकोला फक्त सदरा फाटल्याचं सांगितलं.

फाटक्या जाळ्याचा तुकडासुद्धा तो पाण्यात टाकू द्यायचा नाही. जे कुजत नाही ते दर्याला द्यायचं नाही, मासे अडकून फुकट मरतात, असं म्हणायचा आणि सगळं घरी न्यायचा.

परवा दामूच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. परसात त्या जाळ्यांचा मांडव होता, त्याला दुधी लोंबत होते. वहिनी म्हणाल्या, "भावजी, रोज पाणी घालताना त्यांच्यावर रागावते. स्वतःच्या उंचीनं बांधून ठेवलाय, माझा हात पोचत न्हाय."

मी हात वर करून दोन दुधी काढले. एक त्यांनी ठेवला, एक माझ्या पिशवीत घातला.