फाटकापाशी मी का ओरडलो नाही

दौंडच्या कोर्टातून मी सुटलो त्याला आता बरीच वर्षं झाली, पण तो दिवस आठवला की अजून छाती हलकी होते.

नव्वदच्या दशकात मी तळेगाव ढमढेरेला जीप चालवायचो. एका सकाळी तिघा अनोळखी माणसांनी यवतला लग्नाला जायचं म्हणून जीप ठरवली. कडक इस्त्रीचे शर्ट, हसतखेळत गप्पा. संशय यावा असं काही नव्हतं. खुटबावजवळ त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उसाच्या कडेनं एक म्हातारे सायकल हातात धरून चालले होते. दोघांनी उतरून त्यांना उचललं आणि मागच्या सीटवर कोंबलं. मी दार उघडून उतरणार, तोच शेजारी बसलेल्यानं माझ्या बरगडीत पिस्तूल रुतवलं.

"गाडी हाण. थांबलास तर हितंच संपवीन."

मी गाडी हाणली.

पुढं रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी संपता संपेना. फाटकवाला दहा पावलांवर उभा राहून माझ्याकडंच बघत होता. पिस्तूल टॉवेलाखाली होतं. एक हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. मी मारली नाही. मालगाडी गेली, फाटक उघडलं.

माळावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी म्हाताऱ्यांना कोंडलं. मला सोडताना एकजण म्हणाला, "तुझं घर म्हाईत हाय आमाला."

घरी येऊन मी दुपारपर्यंत भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते म्हातारं अजून तिथंच असंल. उठा." ती माझ्याबरोबर यवतच्या पोलिसांकडं आली. सूर्य मावळायच्या आत म्हातारे सुखरूप सापडले. ते गावच्या सहकारी सोसायटीचे संचालक. दुसऱ्या दिवशी चेअरमनची निवड होती आणि त्यांचं मत कुणाला तरी नको होतं. पुढं ते तिघंही पकडले गेले. पण खटल्यात चौथा आरोपी मी. गाडी माझी, चालवणाराही मीच.

माझ्या वकीलबाईंनी मला समोर बसवून कायदा सांगितला. "त्याच क्षणी आपला जीव जाईल अशी भीती घालून कुणी गुन्हा करायला लावला, तर कायदा माफ करतो. खून सोडून. पण स्वतःहून त्यांच्यात सामील झाला असाल तर माफी नाही."

"मग घराची धमकीबी जोरात सांगू का?"

"खरी आहे, तर सांगा. पण ती नंतरची. तिच्यावर तुम्ही सुटणार नाही. गाडी चालवताना काय झालं, तेवढंच नीट सांगा. वाढवून काही नको."

मला घोर होता तो फाटकाचा. तिथं मी गप्प राहिलो होतो, आणि ते मलाच पटत नव्हतं. म्हाताऱ्यांनाही मी त्यांच्यातलाच वाटलो असेन, या विचारानं त्यांच्यासमोर जायचा धीर झाला नव्हता.

दोनेक वर्षांनी ते म्हातारे, आबा, साक्षीला उभे राहिले. वकीलबाईंनी विचारलं, "ड्रायव्हर त्या तिघांतला होता का?"

"न्हाई. फाटकापाशी टॉवेल सरकला तवा मी मागनं बघितलं. पिस्तूल त्याच्या बरगडीत व्हतं. पोरगं लटलट कापत व्हतं."

सरकारी वकील उठले. "फाटकवाला समोर होता. मग ड्रायव्हर ओरडला का नाही?"

आबा म्हणाले, "मी तरी कुठं ओरडलो, साहेब? माझं तोंड तवा कुणी धरलं नव्हतं."

आरोपीच्या पिंजऱ्यात मी कठडा घट्ट धरला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी भीती खरी धरली होती.

निकालात त्या तिघांना शिक्षा झाली. माझं नाव आलं आणि "निर्दोष" हा शब्द ऐकूनही मी तसाच उभा. वकीलबाईंनीच बाही ओढली, "अहो, या आता बाहेर!"

बाहेर लिंबाखाली माझ्या बायकोबरोबर आबा थांबले होते. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी दंडाला धरून उभं केलं. "तू पोलिसात गेला नसतास तर माझं काय झालं असतं? चल, काहीतरी खाऊ. सकाळधरनं उपाशी हाय मी."

स्टेशनजवळच्या हॉटेलात आम्ही तिघांनी मिसळ खाल्ली. बायको बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसली, कशावर ते आठवत नाही. परतीच्या एस.टी.त मला अशी गाढ झोप लागली, की तळेगाव आल्यावर कंडक्टरनं हलवून उठवलं.